क्युसेक आणि क्युमेक : पूर्णेकाठच्या दोन शब्दांचा इतिहास

इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की लोक राजे, लढाया, किल्ले ऐकायच्या तयारीनं येतात. आज त्यातलं काही नाही. आज आम्ही दोन शब्दांचा इतिहास सांगणार आहोत. दोन्ही इंग्रजीतून आलेले, दोन्ही तुमच्या पावसाळ्यातल्या रोजच्या बोलण्यातले, आणि दिसायला इतके सारखे की एकाच्या जागी दुसरा छापून आला तरी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एक क्युसेक आणि दुसरा क्युमेक.

शाळेत इंग्रजीचे गुरुजी अशा जोड्या पाठ करायला लावायचे, आठवतं ना? एक प्रिन्सिपल म्हणजे मुख्याध्यापक, दुसरं प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व. एक स्टेशनरी म्हणजे वह्या-पेनं, दुसरी स्टेशनरी म्हणजे जागचा न हलणारा. एक-दोन अक्षरांचा फरक. चुकलं तर अर्धा मार्क जायचा, आणि गुरुजी फारच तापट असले तर एक छडी. क्युसेक-क्युमेक या जोडीतही फरक एका अक्षराचाच आहे. पण इथे चुकलं तर नदीकाठची मोटार वाहून जाते, आणि वेळ वाईट असली तर मोटार काढायला उतरलेला माणूसही. म्हणून हा विषय आम्हाला इथे, येलदरीतच मांडावासा वाटला. वर धरण, खाली पूर्णा, आणि मधे आपण.

आधी हिशेब उरकून घेऊ. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पेटी डोळ्यापुढे आणा. तिच्यात साधारण २८.३ लिटर पाणी बसतं. म्हणजे पंधरा लिटरचे तेलाचे दोन डबे, काठोकाठ न भरलेले. क्युमेक म्हणजे दर सेकंदाला एक घनमीटर. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, तेवढं पाणी दर सेकंदाला. एका क्युमेकमध्ये ३५.३१ क्युसेक होतात. दुप्पट नाही, दसपट नाही, पस्तीसपट.

आता असं समजा की मोबाइलवर निरोप आला: ‘येलदरीतून ६०० ने विसर्ग सुरू.’ पुढचा शब्द कुणीतरी गाळला किंवा चुकवला. हे ६०० क्युसेक असतील, तर दर सेकंदाला जेमतेम पावणेदोन टँकर पाणी सुटतंय, दहा हजार लिटरचा टँकर धरून. हे ६०० क्युमेक असतील, तर दर सेकंदाला साठ टँकर. अजून एका अंगानं बघू. येलदरीचा जिवंत साठा ८०९.७७ दशलक्ष घनमीटर. वरून एक थेंबही येत नाही असं धरलं, तर ६०० क्युमेकनं धरणाचा हा सगळा साठा साधारण सोळा दिवसांत संपेल. ६०० क्युसेकनं तेच व्हायला दीड वर्ष लागेल. सोळा दिवस आणि दीड वर्ष. आकडा तोच.

आता इतिहासाकडे येऊ. एकच वस्तू मोजायला इतके सारखे दोन शब्द आपल्या नदीवर आले कुठून?

क्युसेक हा शब्द कसा बनलाय तो नीट बघा. क्युबिक या शब्दातला ‘क्यु’ आणि सेकंद या शब्दातला ‘सेक’. घन आणि सेकंद. पण घन काय? घनफूट. मग फूट कुठे गेला? शब्दात फूट नाहीच! ज्या इंजिनिअरांनी हा शब्द वापरात आणला ते इंग्रजी राजवटीत वाढलेले, फुटात मोजणारे. कालव्याची रुंदी फुटात, भिंतीची उंची फुटात, पावसाचा हिशेब इंचात. त्यांच्या जगात फुटाखेरीज दुसरं माप असू शकतं ही कल्पनाच कामाच्या आड येत नव्हती. जे सगळ्यांनाच माहीत आहे ते कशाला बोलायचं? आपण घरात ‘जेवण झालं का’ विचारतो, ‘तोंडाने जेवण झालं का’ असं विचारत नाही, तसंच. मीटर मात्र उशिरा आलेला पाहुणा. त्याला दारात उभं राहून नाव सांगावं लागलं. म्हणून क्युमेक या शब्दात मीटरचा ‘मे’ आहे. जुना मालक नाव सांगत नाही, नवा माणूस सांगतो. या दोन शब्दांचा अर्धा इतिहास आम्हाला तरी एवढ्यातच दिसतो.

आणि हे एका शब्दापुरतं नाही. टीएमसी घ्या. पाण्याच्या भांडणात रोज ऐकू येणारा शब्द. थाउजंड मिलियन क्युबिक, म्हणजे हजार दशलक्ष घन... आणि पुढे? पुढे फूट. तो इथेही गाळलेला आहे. म्हणजे टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. या उलट दलघमी, दशलक्ष घनमीटर. त्यात ‘मी’ स्वच्छ दिसतो. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी.

आता तुमच्या धरणाकडे वळू. इथल्या कुणालाही विचारा, येलदरी काठोकाठ भरलं की पातळी किती? ४६१.७७ मीटर. एकूण साठा किती? ९३४.४४ दलघमी. आमच्या मनात प्रश्न आला की हे आकडे असे वेडेवाकडे का? धरण बांधताना माणूस काहीतरी पूर्ण आकडा धरतो. ४६१ धरेल, ४६२ धरेल. ४६१.७७ कोण धरेल? मग आम्ही ४६१.७७ मीटरचे फूट केले. उत्तर आलं १५१५. बरोबर १५१५ फूट. मग ९३४.४४ दलघमीचे टीएमसी केले. उत्तर आलं ३३. पुन्हा पूर्ण आकडा.

म्हणजे हे धरण कागदावर आखलं गेलं ते फुटात. १५१५ फूट पातळी आणि ३३ टीएमसी साठा. मीटरचे आकडे हे त्या जुन्या आकड्यांवर नंतर चढवलेले कपडे आहेत, आणि दशांश चिन्हापुढचे ते ‘७७’ नि ‘४४’ म्हणजे त्या कपड्यातून डोकावणारं जुनं अंग. पुरातत्त्ववाले मातीचे थर उकरून काळ ठरवतात. इथे तो एका दशांश अपूर्णांकात सापडतो, आणि खणायला लागतं एक साधं गणकयंत्र. जायकवाडीचंही तसंच. तिथली पूर्ण पातळी ४६३.९१ मीटर, म्हणजे १५२२ फूट. फरक एवढाच की पैठणकडची माणसं अजूनही बिनदिक्कत ‘पंधराशे बावीस’ म्हणतात. तुमचा पंधराशे पंधरा मात्र बोलण्यातून गेला.

का गेला? काळ बघा. मापं दशमान करण्याचा कायदा झाला १९५६ साली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. ऑक्टोबर १९५८ पासून किलो-मीटर टप्प्याटप्प्यानं लागू झाले आणि १९६२ पर्यंत व्यापारात सक्तीचे झाले. येलदरीचं धरण पुरं झालं १९६८ साली. पायथ्याला साडेबावीस मेगावॅटचं वीजघर, साडेसात-साडेसातचे तीन संच. म्हणजे आखणी एका मापात आणि लोकार्पण दुसऱ्या मापात, अशा उंबरठ्यावर हे धरण उभं राहिलं. त्या काळच्या एखाद्या कारकुनाचा विचार करा. नकाशा फुटात, नवं परिपत्रक मीटरात. त्यानं काय केलं असेल? गुणाकार करत बसला असेल.

अशी बदली आपल्या बोलण्यानंही अनुभवली आहे. पिकाचा अंदाज काढायची सरकारी पद्धत, तिला आणेवारी म्हणत. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, आठ आण्यांच्या आत आलं की दुष्काळ. आणे गेले, पैसे आले, कागदावर आणेवारीची पैसेवारी झाली, आठ आण्यांचे पन्नास पैसे झाले. पण पारावर बसलेला माणूस काय म्हणतो? ‘यंदा आणेवारी किती लागली?’ सातबारा बघा. त्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये लिहिलेलं. पण सोयरीक जुळवताना कुणी विचारतं का, पाहुणे किती हेक्टरवाले? एकरच विचारतात. कायदा एका दिवसात बदलतो, तोंडातलं माप बदलायला दोन-तीन पिढ्या जातात. तोवर दोन्ही मापं शेजारीशेजारी नांदतात, आणि घोटाळा नेमका त्या शेजारात होतो.

हा घोटाळा जगभर झाला आहे. २३ जुलै १९८३ ला कॅनडातलं एक प्रवासी विमान हवेत असताना त्याचं इंधन संपलं. कॅनडात त्या वेळी मापं बदलायचं काम सुरू होतं. विमान नवं, त्याचा हिशेब किलोचा. इंधन भरणाऱ्यांच्या हाताशी असलेला गुणक जुना, पौंडाचा. हवं होतं २२,३०० किलो, हिशेबात घेतले गेले २२,३०० पौंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी. विमानात ६९ माणसं. वैमानिकानं इंजिन बंद पडलेलं विमान तरंगत आणून गिमली गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, सगळे वाचले. आकडा बरोबर होता, त्याच्या शेपटीचं माप चुकलं होतं. तिथे फरक सव्वादोनपटीचा होता, एवढं लक्षात ठेवा. आपला पस्तीसपटीचा आहे.

आता थोडं मागे जाऊ, कारण मराठवाड्याचं प्रकरण पश्चिम महाराष्ट्रापेक्षा वेगळं आहे. पुण्या-साताऱ्याकडे इंग्रजी पाटबंधाऱ्यांचे शब्द फार आधी आले. नीरेचा डावा कालवा १८८५ चा. तिकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी पाट हा आपला शब्द होताच, त्याशेजारी कॅनॉल येऊन बसला, त्याला आता सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. आपण मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. दरबारची भाषा उर्दू. पाणी देणं म्हणजे आबपाशी, कालवा म्हणजे नहर, तळं म्हणजे तालाब. हैदराबादेत १९१७ साली भाषांतराचं खास खातं निघालं, १९१८ ला उस्मानिया विद्यापीठ झालं, आणि तिथे वैद्यक नि अभियांत्रिकीसारखे विषयही उर्दूतून शिकवले जात. मांजरा नदीवरचा निजामसागर १९२३ ते १९३१ या काळात बांधला गेला तो त्या राज्याच्या स्वतःच्या अभियंत्यांनी, नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली. म्हणजे धरणाचं ज्ञान इकडे नव्हतं असं अजिबात नाही. पण त्या ज्ञानाची गावापर्यंत पोचलेली शब्दावली वेगळी होती.

मग १९४८ चा सप्टेंबर, १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६० चा महाराष्ट्र. पंधरा वर्षांच्या आत इथल्या माणसाची सरकारी भाषा उर्दूवरून मराठीवर आली, आणि धरणाची भाषा इंग्रजी झाली. पूर्णा प्रकल्पावर आलेला गावचा मजूर, मुकादम, ट्रक ड्रायव्हर यांनी हे शब्द ऐकले ते थेट कानांनी. लिहिलेले पाहिले नाहीत. त्याचा परिणाम मजेदार आहे.

वेअर घ्या. नदीच्या पात्रात आडवी बुटकी भिंत, जिच्यावरून पाणी वाहू शकतं, तिला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा खरा उच्चार ‘विअर’च्या जवळ जातो. आपण म्हणतो केटीवेअर. केटी म्हणजे कोल्हापूर टाइप, कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा, ज्याला पावसाळा सरला की फळ्या किंवा पत्रे लावून पाणी अडवतात. आता इंग्रजीत ‘वेअर’ असं ऐकू येणारे शब्द तरी किती! एक म्हणजे कपडे घालणं, त्याचाच दुसरा अर्थ झिजणं. एक म्हणजे कुठे. एक म्हणजे विकायचा माल, ज्यावरून वेअरहाऊस आलं. इंग्रज त्यांची अक्षरं बदलून त्यांना वेगळं ठेवतो. देवनागरीत लिहिलं की सगळे एकच, वेअर. इंग्रजीत स्पेलिंगमुळे घोटाळा होतो म्हणून आपण हसतो. इथे आपण स्पेलिंगच पुसून टाकतो. पण केटीवेअरनं कधी कुणाचं नुकसान झालं नाही. कारण ती भिंत समोर दिसते. दिसणाऱ्या वस्तूचं नाव चुकलं तरी चालतं, वस्तू ते सावरून घेते. क्युसेक दिसत नाही.

कॅनॉल आणि चॅनल हेही असेच. दोघं सख्खे भाऊ. लॅटिनमधल्या एकाच शब्दातून दोन वेगवेगळ्या काळात इंग्रजीत शिरले, चॅनल आधी, कॅनॉल नंतर, आणि अर्थ वाटून घेऊन बसले. मराठीत तर त्यांची फारकतच झाली. एकानं शेतात पाणी येतं, दुसऱ्यावर मालिका दिसतात. घोटाळा शून्य.

सिल आणि सिल्ट या जोडीत मात्र थोडा धोका आहे. सिल म्हणजे दाराचा उंबरठा. धरणाच्या दरवाजाचा किंवा कालव्याच्या तोंडाचा खालचा काठ. सिल्ट म्हणजे गाळ. येलदरीचा एकूण साठा ९३४.४४, जिवंत ८०९.७७, मग मधले १२४.६७ दलघमी कुठे गेले? तो मृत साठा. साधारणपणे सांगायचं तर उंबरठ्याच्या खाली राहणारं पाणी, जे आपोआप कालव्यात चढत नाही. ती जागा गाळासाठी सोडलेली असते. म्हणजे सिलच्या खाली सिल्ट, असं नीट लावलेलं घर. पण एखाद्या बैठकीत ‘सिल लेव्हलला पाणी आलं’ आणि ‘सिल्ट लेव्हलला पाणी आलं’ यांत गल्लत झाली तर एक जण म्हणतो पाणी संपलं, दुसरा म्हणतो नुसता गाळ उरला. उन्हाळ्यात परभणी, हिंगोली, जिंतूर, वसमतच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आला की हा फरक फार मोठा असतो, कारण मृत साठ्यातलं पाणी मेलेलं नसतं, पंपानं उचलता येतं. ‘मृत’ हा आमच्या मते दुर्दैवी शब्द आहे. माणसं घाबरतात.

आता तुम्ही म्हणाल, हे इंग्रजीचे घोळ, मराठी शब्द वापरले की प्रश्न सुटला. तिथेही गंमत आहे. आम्ही मघाशी दलघमी म्हणालो. नाशिक-नगरकडे जा, तिथली धरणं मोजतात दलघफूमध्ये. दशलक्ष घनफूट. दलघमी आणि दलघफू! शुद्ध मराठी, संस्कृत वळणाचे शब्द, आणि फरक पुन्हा एका अक्षराचा, आणि पट पुन्हा तीच, पस्तीस. आपण भाषा बदलली पण सापळा तसाच उचलून आणला. एवढं मात्र झालं की मराठी करणाऱ्यानं गायब झालेला फूट शब्दात परत बसवला. इंग्रजानं जे गृहीत धरलं ते मराठी माणसानं लिहिलं. त्याबद्दल त्या अनामिक भाषांतरकाराला आमचा नमस्कार.

तरी परिणाम बघा. प्रवरा नदीवरचं भंडारदरा, १९२६ साली पुरं झालेलं इंग्रजी अमदानीतलं धरण. त्याचा साठा सांगतात ११,०३९. येलदरीचा साठा ९३४. वर्तमानपत्रात दोन आकडे शेजारी आले आणि मापाचं अक्षर नजरेतून सुटलं तर वाचणाऱ्याला वाटेल, भंडारदरा येलदरीच्या बारापट. वास्तविक ११,०३९ दलघफू म्हणजे ३१२ दलघमीच्या आसपास. म्हणजे येलदरी भंडारदऱ्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. बारापट मोठं वाटणारं धरण प्रत्यक्षात एक तृतीयांश निघतं. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही यावर नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात जी तणातणी होते, तिच्यात दोन्हीकडचे लोक आपापल्या मापात बोलत असतात. एकाच्या तोंडात हजारांचे आकडे, दुसऱ्याच्या तोंडात शेकड्यांचे. त्यामुळे भांडण सुटत नाही असं आमचं म्हणणं नाही. भांडण पाण्याचं आहे, पाणीच कमी आहे. पण एकमेकांच्या ताटात खरंच किती वाढलंय हे कळायला त्यामुळे उशीर होतो.

कायद्याच्या कागदातही फूटच टिकला. ६ ऑक्टोबर १९७५ ला महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यात गोदावरीच्या पाण्याचा करार झाला. पुढे १९८० मध्ये बच्छावत लवादाच्या निवाड्यात तो सामील झाला. त्यात तुमच्या खालच्या सिद्धेश्वर धरणाचं नाव आहे. गोदावरीवर पैठणपर्यंतचं आणि पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्रानं वापरावं, आणि त्याच्या खाली पोचमपाडपर्यंत, मांजरेवर निजामसागराखालचं धरून, नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीपर्यंत, असा त्याचा सारांश. देशात मीटर सक्तीचा होऊन तेरा वर्षं झाली होती. तरी दोन राज्यांनी वाटणी केली ती घनफुटात. दलघमी हा कार्यालयाच्या तक्त्यातला शब्द झाला, टीएमसी हा भाषणातला. ‘आमच्या हक्काचे इतके टीएमसी’ असं सभेत म्हणता येतं. ‘आमच्या हक्काचे इतके दलघमी’ म्हणून बघा एकदा. टाळी पडत नाही.

पुन्हा विसर्गाकडे. विसर्ग हा शब्दही ऐकण्यासारखा आहे. व्याकरणात अक्षरापुढचे दोन ठिपके म्हणजे विसर्ग. पाटबंधारे खात्यात तोच डिस्चार्जचा प्रतिशब्द. आणि डिस्चार्ज म्हटलं की बाईमाणसाला दवाखाना आठवतो. असो. आमचा आक्षेप बातम्यांत येणाऱ्या एका शब्दप्रयोगावर आहे: ‘वीस हजार क्युसेक प्रतिसेकंद वेगाने विसर्ग.’ क्युसेकच्या पोटातच सेकंद आहे. त्याला पुन्हा प्रतिसेकंद लावणं म्हणजे ‘गाईचं गोमूत्र’ म्हणण्यासारखं. ही नुसती व्याकरणाची कुरकुर नाही. हे लिहिणाऱ्याला क्युसेक म्हणजे पाण्याचा साठा वाटतोय, ओघ नव्हे, असा त्याचा अर्थ होतो. मग पुढची पायरी येते: ‘धरणात दहा हजार क्युसेक पाणी जमा.’ क्युसेक जमा होत नाहीत. ओघ किती वेळ चालला हे सांगितल्याशिवाय साठा कळत नाही. ११,५७४ क्युसेकचा ओघ चोवीस तास चालला की एक टीएमसी भरतो. हा एक आकडा ज्यांना पाठ करायचाय त्यांनी करावा, फार उपयोगी आहे.

आकड्याची गल्लत उलट दिशेनंही होते. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या घरात पाणी सुटलं, पैठण आणि खाली गोदाकाठ बुडाला. हे आकडे कुणी क्युमेक म्हणून पुढे ढकलले, तर ॲमेझॉन नदीलाही मागे टाकतील. ॲमेझॉनचा सरासरी ओघ दोन लाख क्युमेकच्या आसपास आहे. अशी अफवा पोचली की माणसं एकतर जीव मुठीत धरून पळतात, नाहीतर, आणि हे जास्त वाईट, पुढच्या खऱ्या निरोपावरही विश्वास ठेवत नाहीत.

त्यात आपल्या नदीचं नाव. पूर्णा एक नाही. आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगवून गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. विदर्भातली पूर्णा तापीला मिळते आणि अरबी समुद्राला. बुलढाणा जिल्ह्यात तर दोन्ही आहेत. आपलीला तिकडे खडकपूर्णा म्हणतात. ‘पूर्णा नदीला पूर’ अशी ओळ अकोल्याकडून आली की इकडे लोक मोटारी काढायला धावतात, आणि खडकपूर्णा धरणातून पाणी सुटल्याची बातमी आली की ‘ते तिकडचं’ म्हणून दुर्लक्ष करतात. वास्तविक तेच पाणी येलदरीत येतं.

म्हणून निरोप देणाऱ्यांना आमची विनंती आहे की क्युसेक, क्युमेक दोन्ही आकडे द्या, पण त्याच्या पुढे एक वाक्य गावच्या भाषेत घाला. घाटाच्या कितव्या पायरीला पाणी लागेल, कोणत्या पुलावरून जाईल, किती वाजेपर्यंत पोचेल. जुनी माणसं पूर असाच सांगायची: ‘महादेवाच्या पिंडीला पाणी लागलं त्या साली.’ त्या मापात पस्तीसपटीची चूक होऊच शकत नाही. पिंड जागची हलत नाही.

प्रश्नोत्तरांत एका काकांनी चांगला प्रश्न विचारला, तो इथे घेतो. ते म्हणाले, येलदरीची पातळी ४६१ मीटर सांगता, मग भिंत तेवढी उंच कुठाय? काका, ती भिंतीची उंची नव्हे. समुद्राच्या पाण्यापासून मोजलेली पातळी आहे. जायकवाडीची ४६३.९१ तशीच. त्यांचा पुढचा प्रश्न असा की मग दोन्ही धरणं काठोकाठ भरली तर कुणाचं पाणी वर? जायकवाडीचं. पण किती वर, ते फुटात चटकन कळतं. ते पंधराशे बावीस, तुमचं पंधराशे पंधरा. दोन नद्या, दोन जिल्हे, मधे एवढा मुलूख, आणि पाण्याच्या पाठीत फरक फक्त सात फुटांचा.